सिस्टरचे पाय

ढग यायची ही वेळच नव्हती. वाफ्यांतलं खारं पाणी आटून दुधावर साय धरावी तसं मीठ धरायला लागलं होतं. अजून महिनाभर ऊन मिळालं असतं तर दाणा टपोरा झाला असता. पण एका सकाळी समुद्राच्या अंगाला काळं काहीतरी दिसलं आणि मुकादम सायकल बांधावर आडवी टाकून ओरडत सुटला.

"उचला! असेल तसं उचला! एक सर आली तर वर्षाचं पाणी होईल!"

भिंगरीनं कपाळावर हात धरून आभाळाकडे बघितलं आणि पदर खोचला. तिचं खरं नाव काय, हे तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवलं नसतं. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. आता पंचेचाळिशी आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी भिंगरीच. नवरा वाफ्यात उतरून लाकडी फळीनं मीठ ओढून बांधाला लावायचा, ती पाटीत भरून डोक्यावरून उंचवट्यावरच्या ढिगापर्यंत न्यायची. एका दिवसात शंभर खेपा. आता मुकादम म्हणत होता दीडशे हव्यात, आणि बारा दिवसांत सगळं मिठागर रिकामं हवं.

घरात दोन बायका आणखी. एक सासू, डोळ्यांनी अधू आणि जिभेनं तरबेज. दुसरी लेक, नववा लागलेली. हिचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. सासर पलीकडच्या गावात, तिथून शहराच्या इस्पितळात नेताना टेम्पोतच सगळं आटोपलं. टेम्पोवाल्यानं नंतर मागची फळी धुतली, ते पाणी लेकीनं डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून ती फारशी बोलायची नाही. या खेपेला दिवस गेले तेव्हा एवढंच म्हणाली, "मी सिस्टरकडे जाणार. दुसरीकडे कुठे नेलंत तर विहिरीत उडी टाकीन."

म्हणून ती इथे आली होती. सिस्टरच्या भरवशावर.

सिस्टर म्हणजे मजुरांच्या चाळीच्या टोकाला दोन खोल्यांचा मिशनचा दवाखाना होता, तिथली नन. एकतीस वर्षांपूर्वी मीठ भरायला आलेल्या रिकाम्या ट्रकमधून ती उतरली, सोबत एक पत्र्याची पेटी आणि एक पितळी घमेलं. पहिलं वर्षभर तिच्याकडे काळं कुत्रं फिरकलं नाही. मग एका दुपारी एक म्हातारा वाफ्यातच आडवा झाला, टाचेच्या भेगेतून किडे निघत होते. सिस्टर बांधावरून पांढऱ्या झग्यानिशी खाली उतरली, गुडघाभर खाऱ्या पाण्यात बसली आणि तिथल्या तिथे त्याचा पाय मांडीवर घेऊन चिमट्यानं एकेक किडा काढला. म्हातारा पुढे अकरा वर्षं जगला आणि अकरा वर्षं तीच एक गोष्ट सांगत राहिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दवाखान्यापुढे रांग लागायची. मिठागरावर सगळ्यांचं दुखणं पायांचंच. बाकावर बसायचं, पाय पुढे करायचा, सिस्टर खाली बसून घमेल्यातल्या जांभळ्या पाण्यानं तो धुवायची, कात्रीनं मेलेली कातडी कापायची, मलम लावून पट्टी बांधायची. एकतीस वर्षं, रोज पन्नास-साठ पाय. लोक तिला देवमाणूस म्हणायचे. हळूहळू माणूस गळालं आणि नुसता देव राहिला. एकानं घमेल्यातलं पाणी चोरून नेऊन आजारी शेळीवर शिंपडलं. शेळी उठली. सिस्टरला कळलं तेव्हा ती त्याच्या घरी जाऊन गरजली, "ते पाणी एवढं चांगलं आहे ना? मग आधी तू पी! पेलाभर आणते!" ती भयंकर रागीट होती. संतांना राग शोभत नाही म्हणतात, पण तिला चांगला शोभायचा.

उचल सुरू झाली तशी रांग दुप्पट झाली. दीडशे खेपांनी जुन्या मजुरांच्याही टाचा फाटल्या. सिस्टर खाली बसलेली, आणि रांग दारातून पार नळापर्यंत. लेक आतल्या बाकावर बसून पट्ट्यांच्या गुंडाळ्या करायची, कारण सिस्टरनं तिला रोज तिथेच डांबून ठेवलं होतं. रांग संपली की सिस्टर तिला झोपवून पोटावर तेल लावायची आणि बराच वेळ हात फिरवत बसायची.

चौथ्या दिवशी दुपारी भिंगरीच्या पायात फळीचा खिळा घुसला. नवऱ्यानं उपटून काढला आणि म्हणाला, "जा, सुई टोचून घेऊन ये. उशीर करू नको."

दुपारी दवाखाना बंद असायचा. भिंगरी मागल्या दारानं गेली. दार नुसतं लोटलेलं. तिनं ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली.

सिस्टर खाटेवर बसली होती. डाव्या पायातला जाड पांढरा मोजा अर्धा खाली आलेला आणि पुढे अडकलेला. ती तो ओल्या बोळ्यानं भिजवून हळूहळू सोडवत होती. एकतीस वर्षांत या बाईच्या पायाचं बोटसुद्धा कुणी बघितलं नव्हतं. मोजा निघाला आणि भिंगरीला वास आला. आधी सुवासिक पावडरीचा, लहान मुलांना लावतात तसल्या, आणि त्याच्या मागून दुसरा. तळव्याला रुपयाएवढं भोक होतं, कडेनं काळं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जांभळी पडली होती.



"दार वाजवायची पद्धत नाही का गं तुमच्यात?" सिस्टरनं झगा खाली ओढला.

"सिस्टर, हे... हे कधीपासून?"

"झाले पाच-सहा महिने. साखर आहे मला. अशा माणसाची जखम लवकर भरत नाही. तुझं काय? खिळा ना? बस तिथे."

"दुखतं?"

"नाही. काहीच कळत नाही. टाचणी टोचली तरी कळत नाही."

हे ऐकलं आणि भिंगरीच्या छातीवरचा दगड उतरला. कारण मिठागरावरचं गणित वेगळं असतं. नवा मजूर खाऱ्या पाण्यात उतरला की चिरेचिरेतून आग होते, तो रडतो, शिव्या देतो. पाच-सात वर्षांनी तळवा मरतो, मग काचेवर पाय पडला तरी समजत नाही. मग जुनी माणसं म्हणतात, पाय पक्का झाला, आता हा कामाचा. दुखतो तोवर कच्चा, दुखायचा थांबला की पक्का. आईच्या दुधाबरोबर हे प्यायलेली भिंगरी. दुसऱ्या कुठल्या गावातली बाई असती तर किंचाळली असती.

"मग बरं आहे," भिंगरी मोकळा श्वास सोडून म्हणाली. "पाय पक्का झाला तुमचा. आमच्यासारखा."

सिस्टर तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हो. तुमच्यासारखा."

तिनं भिंगरीला सुई टोचली, पाय धुतला, पट्टी बांधली. उठताना खाटेचा दांडा धरून उठली.

"शनिवारी मोठ्या सिस्टर जीप घेऊन येतील, औषधं टाकायला," ती पाठमोरीच म्हणाली. "त्यांना यातलं काही बोलू नकोस."

"का?"

"मला उचलून नेतील आणि इथे कुलूप लावतील. माझ्या जागी यायला कुणी नाही. आणि तुझ्या लेकीचं मूल आडवं आहे पोटात."

भिंगरी जाता जाता मागे वळली. "आडवं?"

"मी रोज थोडं थोडं फिरवतेय. येईल सरळ. पण माझे हात हवेत इथे अजून आठ-दहा दिवस. कळलं? लेकीला सांगू नकोस, घाबरेल."

भिंगरी वाफ्यावर परतली ती पाटी न घेताच ढिगाकडे चालायला लागली. नवऱ्यानं हाक मारली तेव्हा भानावर आली. त्या दिवशी तिच्या किती खेपा झाल्या हे तिला सांगता आलं नसतं. आडवं, आडवं, एवढंच डोक्यात. लेक टेम्पोत ओरडली होती तो आवाज दोन वर्षं तिच्या कानातून गेला नव्हता.

पण ती काळी कडही तिला चैन पडू देईना. दोन दिवसांनी भाकरी थापताना तिनं सासूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, पक्का पाय काळा पडतो का हो कधी?"

सासू चुलीपुढे हात शेकत बसली होती. "काळा? काळा कशाला पडेल? पक्का पाय पांढरा पडतो, मिठासारखा. काळा पडला तर तो पक्का नाही, मेलेला. माझ्या भावाचा पडला होता. पंधरा दिवसांत गेला. कुणाचा पडलाय?"

"कुणाचा नाही."

"मग विचारतेस कशाला? उगाच जिभेला व्यायाम?"

भिंगरीच्या हातातली भाकरी तव्यावर दुमडून पडली. सासू आणखी काहीतरी बोलली ते तिला ऐकू आलं नाही. म्हणजे आता तिला माहीत होतं. हे तिनं पुढे स्वतःपासूनही कधी लपवलं नाही. त्या संध्याकाळपासून तिला माहीत होतं.

दवाखान्यातला वास वाढत गेला. सिस्टर मोज्यांत पावडर ओतायची, खोलीभर ओतायची. रांगेतला एक म्हातारा नाक वर करून म्हणाला, "फुलांचा वास येतोय. कुठे फूल दिसत नाही आणि वास येतोय." दुसऱ्यानं हात जोडले. मुकादमानंही जोडले. भिंगरीचा नवरा तेवढा घरी येऊन म्हणाला, "उंदीर मेलाय तिथे कुठेतरी. बघ जरा खाटेखाली." भिंगरी त्याच्यावर नको तितकी खेकसली. तो बिचारा जेवणावरून उठून बाहेर जाऊन बसला.

सिस्टर आता पाय धुताना स्टुलावर बसायची. अंगात ताप असावा, कारण दुपारच्या उन्हातही खांद्यावर शाल असायची. कात्री एकदा हातातून पडली. रांगेतल्या सगळ्यांनी ती उचलायला धाव घेतली, आणि जिला उचलायला मिळाली तिनं ती आधी कपाळाला लावली. मग तिनं आपला पाय सिस्टरच्या मांडीवर ठेवला.

शनिवारी जीप आली. मोठी सिस्टर उंच, सडपातळ, चष्म्याची. खोकी उतरवून झाली तशी ती दारात उभी राहून पट्ट्या बांधणाऱ्या सिस्टरकडे बघत राहिली. मग बाहेर नळावर हात धुणाऱ्या भिंगरीजवळ आली.

"तुम्ही इथेच असता ना रोज?"

"हो."

"मला ही लंगडते असं वाटलं. विचारलं तर म्हणते गुडघा. नीट जेवते ना? खरं सांगा. ती मला कधी सांगणार नाही, तुम्हीच सांगा."

भिंगरीनं नळ बंद केला. दारातून आतलं सगळं दिसत होतं. सिस्टरची पाठ दिसत होती, शालीतली. आणि बाकावर लेक, दोन्ही हात पोटावर, बाहेर आईकडेच बघत असलेली. तिला काही माहीत नव्हतं. नुसतीच बघत होती.

 एक वाक्य पुरे होतं. तिचा मोजा काढून बघा, एवढंच. जीप उभी होती, ड्रायव्हर चाकाला लाथा मारून हवा बघत होता. दोन तासांत सिस्टर इस्पितळात पोचली असती.

"बरी आहे की," भिंगरी म्हणाली. "आमच्यापेक्षा ठणठणीत. दमते जरा, उचल चालू आहे ना, म्हणून."

"नक्की?"

"नक्की."

मोठ्या सिस्टरनं तिचा ओला हात हातात घेऊन दाबला. "तुम्ही आहात म्हणून काळजी नाही हो," ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली. जीप बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत भिंगरी तिथेच. आपण हे केलं यावर तिचा विश्वास बसत नव्हता. कुणीतरी दुसऱ्याच बाईनं आपल्या तोंडानं बोलून घेतलं असं तिला वाटलं. पण दुसरी बाई कुठे होती? ती आत गेली तेव्हा सिस्टरनं मान वर केली. दोघींची नजरानजर झाली. सिस्टर हसली नाही, रागावलीही नाही. काहीतरी विझल्यासारखं दिसलं तिच्या डोळ्यांत, आणि मग ती पुढच्या पायाकडे वळली.

उचलीच्या अकराव्या दिवशी सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. ढग इतका खाली आला होता की भर दुपारी मिठागर राखाडी दिसत होतं. मुकादमानं म्हातारीकोतारी, पोरंटोरं सगळी कामाला जुंपली होती. दवाखान्यात फक्त सिस्टर, भिंगरी आणि लेक.

मूल सरळ आलं होतं. सिस्टरनं हात लावून बघितलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसली. "बघ, ऐकलं की नाही माझं? डोकं खाली घातलंय शहाण्यानं!"

पण तीन तास लागले. सिस्टर तीन तास उभी होती. लेकीला दटावत, शिव्या घालत, मध्येच गालावरून हात फिरवत. "ओरडतेस काय? ती ताकद खाली लाव! मला काय ऐकायला कमी येतं का?" तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि दात वाजत होते. मूल बाहेर आलं, मुलगी होती, रडली. लेकही रडली, दोन वर्षांत पहिल्यांदा आवाज काढून. सिस्टरनं नाळ कापली, मूल पुसून भिंगरीच्या हातात दिलं, आणि भिंतीला पाठ लावून सावकाश खाली घसरत फरशीवर बसली.

"मला उठता येत नाही," ती म्हणाली.

भिंगरीनं मूल लेकीच्या कुशीत ठेवलं. सिस्टरला काखेत धरून मागच्या खोलीत ओढत नेलं आणि खाटेवर घातलं. डाव्या पायाचा मोजा पिवळा झाला होता. भिंगरीनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं. या घमेल्यात तिचे स्वतःचे पाय हजार वेळा धुतले गेले होते. दुसऱ्याचे धुवायची वेळ पहिल्यांदाच आली. तिनं मोजा भिजवला, वरून सोडवत आणला आणि हलकेच ओढला.

मोजा निघाला. जड लागला म्हणून तिनं तो उलटा केला, आणि तिच्या तळहातावर करंगळी पडली.

रक्त नाही, काही नाही. वाळल्या शेंगेसारखी काळी. भिंगरीला काय झालं ते कळायला वेळ लागला.  हात मिटवेना, उघडा ठेववेना. सिस्टर कोपरावर उठून बघत होती. हजारो पाय बघितलेली बाई, किडे वेचलेली, सडलेलं कापलेली. ती त्या करंगळीकडे बघत होती.

"भिंगरी," ती म्हणाली, "मला भीती वाटते गं."

पुढचं ऐकायला भिंगरी थांबली नाही. ती उठली आणि पळत सुटली. अनवाणी, बांधावरून, पाट्या घेऊन येणाऱ्यांना ढकलत. मुकादमाच्या कचेरीत एकच फोन होता. मुकादमानं नंबर लावला, तिनं त्याच्या हातातून रिसीव्हर हिसकावला आणि मोठ्या सिस्टरला म्हणाली, "या. आत्ता या. मी खोटं बोलले होते."

जीप संध्याकाळी आली. सिस्टरला नेताना सगळं मिठागर कामं टाकून जमलं. लोक जीपला हात लावून कपाळाला लावत होते. सिस्टरचे डोळे अर्धवट उघडे होते, ती कुणाला ओळखत नव्हती. मोठी सिस्टर भिंगरीसमोरून गेली. तिच्याकडे बघितलंही नाही. थोबाडीत मारली असती तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

इस्पितळात गुडघ्यापासून पाय कापला. विष आधीच अंगभर गेलं होतं. चौथ्या दिवशी सिस्टर गेली.

ढग बरसला नाही. तीन दिवस डोक्यावर बसून राहिला आणि एका सकाळी आभाळ धुतल्यासारखं कोरडं. मीठ वाचलं. सिस्टरनं ढग अंगावर घेतला, असं कुणीतरी म्हणालं, आणि दुपारपर्यंत सगळे तेच म्हणत होते. तिला दवाखान्याच्या मागे पुरलं. थडग्यावर लोक मीठ वाहायला लागले. लांबून लांबून माणसं येऊ लागली, काठ्या टेकत, खांद्यावरून, हातगाड्यांवरून, सगळी पाय घेऊन. कुणाची भेग भरली, कुणाची सूज उतरली. दवाखान्याला मात्र कुलूप होतं. मोठी सिस्टर माणूस शोधत होती, मिळत नव्हतं. भिंगरी थडग्याकडे कधी गेली नाही. सासू म्हणायची, "कृतघ्न आहे. नात पदरात टाकली तिनं, आणि हिला दोन पावलं चालवत नाहीत."

नात सहा महिन्यांची झाली तेव्हा फादर आले. सोबत एक तरुण सिस्टर, लिहून घ्यायला. कुलूप काढलं, दवाखाना झाडला, बाक मांडले. सिस्टरला संत म्हणावं असा अर्ज वर गेला होता आणि तिला ओळखणाऱ्या माणसांच्या जबान्या हव्या होत्या. आधी पुस्तकावर हात ठेवून खरं सांगण्याची शपथ.

मिठागर लोटलं. मुकादमानं ढगाचं सांगितलं. शेळीवाल्यानं शेळीचं सांगितलं, प्यायला लावायची धमकी तेवढी गाळली. मग तो रांगेतला म्हातारा उठला आणि फुलांच्या वासाचं सांगू लागला. शेवटच्या दिवसांत कसा घमघमाट सुटला होता, देव तिला घ्यायला आला होता त्याची ती खूण कशी होती. वीस-पंचवीस जणांनी माना डोलावल्या. आम्हीही घेतला तो वास. लिहिणारी सिस्टर भराभर लिहीत होती, तिचे डोळे भरून आले होते.



"शेवटी तिच्याजवळ तुम्ही होतात ना?" फादरनी तिला पुढे बोलावलं. माणूस म्हातारा होता, मऊ बोलणारा. लेक पहिल्या बाकावर बसली होती, मांडीवर पोर. "घाबरू नका. जे बघितलं ते सांगा. तो वास तुम्हालाही आला?"

भिंगरीनं पुस्तकावर हात ठेवला. "आला."

"कसला होता?"

"पावडरीचा. आणि तिचा पाय सडला होता, त्याचा."

 मुकादम अर्धा उठला. "ए बाई, काय बोलतेस? शुद्धीत आहेस का?"

"बोलू द्या," फादर म्हणाले.

भिंगरी बोलली. तळव्याचं भोक, काळी कड, करंगळी. काही राखून ठेवलं नाही. सासू मागून फुसफुसत होती, गप्प बस, अगं गप्प बस. काही बायका रडायला लागल्या. रांगेतला म्हातारा आ वासून बघत होता. फादरनी चष्मा काढून डोळे पुसले.

"इतकं सोसलं," ते लिहिणाऱ्या सिस्टरला हळूच म्हणाले, "आणि कुणाला कळू दिलं नाही. हे लिही. हे सगळ्यांत मोठं आहे."

"मला कळू दिलं होतं," भिंगरी म्हणाली.

फादरनी वर बघितलं.

"मी बघितला होता तिचा पाय. मी म्हटलं, पक्का झाला. मग मला कळलं की मेलाय. तरी जीप आली तेव्हा मी म्हटलं, ठणठणीत आहे." तिनं पुस्तकावरचा हात काढला नाही. "माझ्या लेकीचं मूल आडवं होतं, फादर. मला ती इथे हवी होती. बोलू नको असं तीच म्हणाली होती, पण मी खरंच बोलले नाही तेव्हा तिला बरं वाटलं नाही. मी बघितलं तिचं तोंड."

बाकावरून पोरीच्या रडण्याचा आवाज आला. लेकीनं तिला नकळत इतकं घट्ट आवळलं होतं. ती आईकडे बघत होती, तोंड पांढरंफटक, आणि पोरीला थोपटायचंही तिला सुचत नव्हतं. मागे कुणीतरी म्हणालं, "हिचं डोकं फिरलंय." कुणीतरी म्हणालं, "सिस्टरचीच इच्छा ती, हिचा काय दोष." आणि लगेच दुसरं कुणी, "स्वतःचा जीव देऊन मूल सरळ केलं, बघा, हा तर आणखी मोठा चमत्कार." माना पुन्हा डोलू लागल्या. भिंगरी त्या माणसांकडे बघतच राहिली. त्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं.

लिहिणाऱ्या सिस्टरची लेखणी थांबली होती. "मी काय लिहू?" तिनं विचारलं. फादरना नाही, भिंगरीला.

"लिहा की ती आजारी होती," भिंगरी म्हणाली. "ती आजारी होती, तिला भीती वाटत होती, आणि आम्ही सगळे आपापले पाय पुढे करून तिच्यासमोर रांगेत बसलो होतो."